तो दोनदा नाही म्हणाला

माझा पाय माझ्याच तोंडामुळे मोडला, हे कबूल करायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत जो कोणी भेटायला आला त्याला मी एकच कहाणी ऐकवली: माझा जोडीदार मुखदुर्बळ, वेळेला तोंड उघडत नाही आणि त्याच्यापायी मी खड्ड्यात पडलो. ऐकणारे मान हलवायचे, चहा प्यायचे आणि जायचे. माझ्या रागाला मात्र रोज नव्यानं कढ यायचा.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. दोर, ब्रेक, दरवाजे, मोटर यांतलं काही मला सांगायची कुणाची टाप नाही, असं मी स्वतःच म्हणत असतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. आमच्या कंपनीत काम जोडीनं करायचं असतं. नियम साधा आहे. हलण्याआधी एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, मगच पाय उचलायचा. माझा जुना जोडीदार निवृत्त झाला आणि त्याच्या जागी चार महिन्यांपूर्वी हा आला. दूरच्या मुलखातला, पस्तिशीचा, आठ वर्षं तिकडे लिफ्टचंच काम केलेला. आमची भाषा त्याला नीट येत होती. हात तर असा साफ, की मलाही दाद द्यावी लागली. पण बोलायचं म्हणाल तर शब्दागणिक दाम मोजावे लागत असल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात मी त्याचं नाव मौनी ठेवलं, आणि ते सगळ्या कंपनीत रुळलं.

त्याला काही विचारलं की कधी चटकन ‘हो उस्ताद’ यायचं, आणि कधी काहीच यायचं नाही. जेवण तासभर पुढं ढकलून आधी दोर बघून घेऊ, चालेल ना, असं विचारलं तर गप्प. मग आम्ही दोर बघायचो आणि त्याचं पोट गुरगुरलेलं मला ऐकू यायचं. रविवारी ज्यादा काम आहे, येशील ना, म्हटलं तर गप्प. मी त्याचं नाव लिहून टाकलं, तो आला नाही, आणि सोमवारी मी त्याची चांगली बिनपाण्यानं केली. गप्प बसणं म्हणजे कबुली, हे आपण शेंबडे असल्यापासून ऐकत आलोय. मौनं संमतिलक्षणम्. यात समजायला अवघड काय आहे, असं मी त्याला दहादा तरी सुनावलं असेल.

आता त्या दिवसाचं. सात मजली दवाखान्याची लिफ्ट. तळाशी, लिफ्टच्या वाटेखाली, दीड पुरुष खोल खड्डा असतो. त्यात उतरायला भिंतीला लोखंडी शिडी लावलेली असते. ही शिडी आदल्या संध्याकाळी मीच लावली होती. वरच्या दोन बोल्टांपैकी एकाची चाकी, म्हणजे नट, सापडेना. मी म्हटलं, उद्या बघू, एकावर धकेल. पुढच्या सकाळी ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मौनी माझ्याआधी येऊन खाली उतरून दिवा लावून वर आला होता. दवाखान्याचा व्यवस्थापक आणि पहारेकरी दोघं तिथंच उभे होते, कारण लिफ्ट कधी सुरू होणार या चिंतेनं व्यवस्थापकाला धीर धरवत नव्हता.

मी मौनीला विचारलं, शिडी पक्की आहे ना, उतरू? तो गप्प. मी परत विचारलं, उतरू ना रे? तो पुन्हा गप्प, पण पुढं आला आणि शिडीच्या वरच्या टोकावर हात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, हा ठोंब्या आता वाटही अडवतोय. व्यवस्थापकासमोर माझी शोभा होत होती. मी त्याला ओरडून बाजूला व्हायला सांगितलं, वर एक शब्द जोडला तो इथं लिहीत नाही. तो बाजूला झाला. तिसऱ्या पायरीवर शिडी भिंतीपासून सुटली आणि मी तिच्यासकट खाली गेलो.

माझ्यामागं पहिली उडी त्यानं मारली. मोडलेला पाय दोन्ही हातांत सरळ धरून तो वीस मिनिटं तसाच बसला होता, हे मला नंतर पहारेकऱ्यानं सांगितलं. मला फक्त एवढं आठवतं, की त्या वीस मिनिटांत मी त्याला शिव्या घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर घरी आला आणि त्यानं माझा जबाब लिहून घेतला. जोडीदारानं दोनदा विचारूनही उत्तर दिलं नाही. मी सही ठोकली. दोन आठवड्यांनी चौकशी होती. जाता जाता दारात चपला घालताना सुपरवायझर म्हणाला, की याचा परवाना जाणार, परवाना गेला की काम जाणार, आणि काम गेलं की त्याला इथं राहताही येणार नाही, बाडबिस्तरा गुंडाळून परत. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. करावं तसं भरावं, असं मी बायकोला म्हणालो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, काही बोलली नाही.

अकराव्या दिवशी मला माझ्या हत्यारांची पिशवी आठवली. ती मौनीकडेच राहिली होती. त्यातला एक पाना माझ्या उस्तादांच्या हातचा आहे. तो या माणसाबरोबर परमुलखात गेला तर मी कुणाला काय तोंड दाखवू, या विचारानं मला बसवेना. कुबड्या घेऊन निघालो. बायकोला म्हटलं, जाऊन येतो, तुझी हरकत नाही ना? ती गप्प. मी निघालो.

त्याचं घर चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तीस वर्षं लोकांना वर-खाली नेणाऱ्या माणसाला चार मजले बुडावर सरकत चढावे लागले. एक एक पायरी मागं, कुबड्या मांडीवर. दैवाला विनोद बरा कळतो.

दार मौनीच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. ती पडदे शिवते. एकच खोली होती, तिच्या मध्यावर शिलाई मशीन, दोन्ही पलंगांवर कापडाचे ढीग, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांचे वडील. मौनी कचेरीत कागद भरायला गेला होता. मी टेकलो, पाणी प्यालो आणि पिशवी मागितली. पिशवी समोर कोपऱ्यातच दिसत होती.

म्हाताऱ्यानं मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. ती गप्प राहिली. मशीनवरचा तिचा हातही थांबला. म्हाताऱ्याला घाई नव्हती. त्यानं खिडकीबाहेर बघितलं, हनुवटी खाजवली, मग दुसरं काहीतरी विचारलं. ती लगेच एक शब्द बोलली आणि मशीन पुन्हा सुरू झाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच: म्हाताऱ्याचा प्रश्न, तिचं गप्प बसणं, त्याचं थांबणं, नवा प्रश्न, तिचा एक शब्द. दोघांच्याही चेहऱ्यावर रुसवा-फुगवा काही नाही. माझ्या घरी एवढा वेळ कुणी गप्प राहिलं असतं तर मी डोकं आपटून घेतलं असतं.

मला राहवेना. मी तिला विचारलं, काय चाललंय हे?

ती म्हणाली, बाबांनी विचारलं की पाहुण्यांची पिशवी आत्ताच देऊन टाकतेस का. मी गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, भाऊ आल्यावर त्याच्या हातानं देऊ दे का. मी हो म्हणाले.

“मग पहिल्यांदाच सांगायचं ना, नाही, भाऊ देईल म्हणून.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला वडिलांच्या कानाखाली मारायला सांगितलंय. “वडिलांना नाही म्हणू?”

मग ती समजावत बसली, आणि मी गुमान ऐकत बसलो. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला, उस्तादाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘हो’ असेल तर लगेच म्हणायचं. ‘नाही’ असेल तर गप्प बसायचं, आणि पुढचं समोरच्यानं बघायचं. त्यानं थांबायचं आणि प्रश्न बदलायचा. लहान मुलालाही हे कळतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, आणि मोठ्याच्या लक्षात नाही आलं तर? ती म्हणाली, “ओळखणं हे मोठ्याचं काम. म्हणून तर तो मोठा.”

मी हळूच विचारलं, शिडी हलते हे त्याला माहीत होतं का? सकाळी उतरला तेव्हाच कळलं होतं, ती म्हणाली. मग सांगितलं का नाही, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. सवय जात नाही.

तिनं कात्री खाली ठेवली. “शिडी तुम्ही लावली होती. दोन परकी माणसं उभी होती. त्यांच्यादेखत उस्तादाचं काम कच्चं आहे असं म्हणायचं? तुम्ही विचारलं, तो नाही म्हणाला. परत विचारलं, परत नाही म्हणाला. मग तो आडवा उभा राहिला. आमच्यात एवढं कुणी करत नाही. घरी आल्यावर त्याला त्याचीच लाज वाटत होती.”

मी म्हटलं, खड्ड्याच्या काठावर असली कोडी कोण सोडवत बसणार. ती म्हणाली, चार महिने एकत्र काम केलंत, काठावर नाही तर जेवताना तरी एकदा विचारायचं. मी त्याला चार महिन्यांत शेकडो प्रश्न विचारले होते, पण ‘तू गप्प का बसतोस’ हा प्रश्न मी फक्त ओरडायला वापरला होता, उत्तर हवंय म्हणून कधी विचारलाच नव्हता.

तेवढ्यात तो आला. मला बघून दचकला, मग कोपऱ्यातून पिशवी उचलून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. पाने सगळे पुसून, तेल लावून ठेवलेले होते. मला माफी मागायची होती. तीस वर्षांत मी ती कुणाची मागितली नव्हती, त्यामुळं ती कुठून सुरू करतात ते मला माहीत नव्हतं. मी ‘बरं, येतो’ म्हणालो. चार मजले उतरेपर्यंत तो माझ्या एक पायरी खाली, माझ्याकडे तोंड करून, उलटा उतरत राहिला.

घरी येऊन मी सगळी हकीकत बायकोला सांगितली. मोठा शोध लावल्याच्या थाटात. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, आज जाऊ का म्हणून विचारलंत तेव्हा मी हो कुठं म्हटलं होतं? अठ्ठावीस वर्षांत निम्म्या वेळा मी ‘नाही’च म्हटलं.” मी निम्म्या वेळा म्हणजे कोणकोणत्या, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. एका दिवसाला एक पुरे.

त्या रात्री मी ठरवलं. सही माझी होती, जबाब माझा होता, आता तो मीच मागं घेणार, मग काय व्हायचं ते होवो. होणार काय होतं तेही मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी मला प्रशिक्षक करणार होते. खड्ड्यात उतरणं बंद, खुर्चीत बसून नवीन लोकांना शहाणपण शिकवायचं. चाकी नसलेला बोल्ट ज्यानं लावला त्याला ती खुर्ची कोण देईल?

चौकशीची खोली लहान होती. लांबट टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि अग्निशामक नळकांडं. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, चटपटीत, पण आवाजात खोच नसलेल्या. सुपरवायझर त्यांच्या बाजूला, मौनी समोर इस्त्रीच्या शर्टात. मी पोचलो तोवर कागद तयार होता. मौनीनं चूक कबूल केली तर परवाना कायमचा न जाता वर्षभर जाईल, असं त्यांनी त्याच्या भल्यासाठीच काढलेलं होतं. वर्षभर परवाना नाही म्हणजे तो गेलाच की, पण हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

बाईंनी त्याला विचारलं, वाचलंत? तो म्हणाला, हो. मान्य आहे ना? तो गप्प. बाई कागदात बघत म्हणाल्या, ठीक आहे, मग सही करा. सुपरवायझरनं पेन त्याच्यापुढं सरकवलं. मौनी पेनाकडे बघत राहिला. ते उचल म्हणून कुणी वडीलधाऱ्यानं आणखी एकदा जोरात सांगितलं असतं, तर त्यानं ते उचललं असतं, जसा तो शिडीपासून बाजूला झाला होता. हे मला इतकं लख्ख दिसलं, की पाय मोडलाय हे विसरून मी उभा राहिलो.

“बाई, तो नाही म्हणाला.”

“काहीच म्हणाले नाहीत ते.”

“तेच. त्यांच्यात ते असं म्हणतात. माझ्याशीही दोनदा म्हणाला होता.”

मग मी सगळं सांगितलं. जेवणाचं, रविवारचं, बोल्टाची चाकी सापडली नाही ते, ‘उद्या बघू’ म्हणालो ते, तो आडवा उभा राहिला ते, आणि मी त्याला हाकलताना वापरलेला शब्दही, जो ऐकून बाईंनी चष्मा काढला. सुपरवायझर मला टेबलाखालून पायानं खुणावत होता. त्याचा पाय माझ्या प्लास्टरवर लागत होता, त्यामुळं मला काही कळत नव्हतं. पहिल्या जबाबाचं काय, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, सही माझी आहे आणि तो खोटा आहे. उत्तर मिळालं होतं, मला ऐकू आलं नाही.

बाईंनी नवा जबाब स्वतः लिहिला. शिडीची जबाबदारी माझी. माझी श्रेणी एक पायरी खाली, सहा महिने देखरेखीखाली काम, आणि प्रशिक्षकाच्या यादीतून नाव कमी. मी सही केली. मौनीच्या परवान्याला काही झालं नाही.

पण बाई एवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, पद्धत कुणाचीही असो, लिफ्टच्या वाटेत एक जण वर आणि एक जण खाली असतो, तिथं गप्प बसून चालणार नाही, माणूस मरेल. दोघं पुन्हा एकत्र काम करणार असाल तर कसं करणार ते मला आत्ता सांगा, मी लिहून घेते. नसाल तर तसं सांगा. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी मौनीकडे वळलो. “माझ्याबरोबर काम करशील?”

तो गप्प.

पहिल्याच फटक्यात ऐकू आलं मला. आजवर कुणाचं ‘नाही’ मला इतकं स्पष्ट ऐकू आलं नव्हतं. लागलंही. खुर्ची घालवली ती याच्यासाठी, आणि हा मला नको म्हणतोय. सुपरवायझर म्हणाला, चला, मग ठरलं, एकत्रच राहतील. मी त्याला हातानं थांबवलं.

प्रश्न बदलायचा होता. मी विचारलं, दुसऱ्या कुणाबरोबर करायचंय? तो गप्प. म्हणजे तेही नाही. मी थांबलो. म्हाताऱ्यासारखी हनुवटी खाजवली, घड्याळाकडे बघितलं. मग म्हटलं, तू मुख्य हो, मी तुझा जोडीदार होतो. आता तर त्याचा चेहराच कसानुसा झाला, आणि तो गप्प. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. खोलीत कुणालाच घाई नव्हती, किंवा असली तर मला तिची पर्वा नव्हती. संध्याकाळपर्यंत बसावं लागलं तरी मी बसणार होतो. योग्य प्रश्न या माणसाच्या पुढ्यात ठेवल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

मला एकदम कळलं, की मी अजून माझीच उत्तरं प्रश्न करून त्याच्यापुढं सरकवतोय, पेन सरकवल्यासारखी.

“कसं केलं तर तू माझ्याबरोबर काम करशील?” मी विचारलं.

तो बोलला, आणि चार महिन्यांत एवढं तो सलग बोलला नव्हता.

“मी तुम्हाला दिसत असेन, तर मी गप्प बसेन आणि तुम्ही थांबायचं. दिसत नसेन, तर मी ओरडून नाही म्हणेन. मग तुम्ही उस्ताद असा, माझे वडील असा. तेव्हा तुम्ही मला रागवायचं नाही. आणि माझं नाव मौनी नाही. मी बोलतो.”

बाईंनी शेवटची दोन वाक्यंही लिहून घेतली. मग तिघंही माझ्याकडे बघू लागले.

मी ‘हो’ म्हणालो. मग त्याचं खरं नाव विचारलं, आणि नीट म्हणता येईपर्यंत त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.